पत्त्यांची जादू : हाताची आणि हिशेबाची



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जत्रांना आणि बाजारांना तोटा नाही. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. मोहट्याला नवरात्रात देवीच्या दर्शनाला रीघ लागते. श्रीगोंदे तालुक्यातला काष्टीचा आणि नेवासे तालुक्यातला घोडेगावचा जनावरांचा बाजार तर दूरदूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. आता कोणतीही जत्रा घ्या, कुठल्याही गावची घ्या. मोठी गर्दी जमली, की तिच्या कडेला, जरा आडोशाला, पोते अंथरून बसलेला एक माणूस पुष्कळांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. पोत्यावर तीन पाने. दोन काळी, एक तांबडे. तांबडे म्हणजे बदामची राणी. तो राणी सगळ्यांना दाखवतो, तिन्ही पाने पालथी टाकतो, दोन-चार वेळा इकडची तिकडे करतो आणि विचारतो, “बोला पाहुणे, राणी कुठंय? एकाचे दोन घेऊन जा!”

राणी कुठे आहे, हे तुम्हाला अगदी स्वच्छ दिसलेले असते. शेजारचा एक जण पैसे लावतो आणि जिंकतोही. मग तुमचा हात खिशाकडे जातो. त्या खिशात बैल विकून आलेले पैसे असतात, नाहीतर पोरीच्या गणवेशासाठी बाजूला काढलेले.

हा माणूस नेमके काय करतो, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. पण ते शेवटी. तोवर हात खिशाबाहेरच राहू द्या! आधी पत्त्यांच्या जादूची चांगली बाजू पाहू. ती नीट समजली, म्हणजे वाईट बाजू ओळखायला वेळ लागत नाही.

पत्ते म्हटले, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी काही उगाच पडत नाही. पत्त्यांवर घरे बुडालेली त्यांनी पाहिलेली असतात. पैसे लावून खेळायला कायद्यानेही बंदी आहे, आणि तो कायदा १८८७ सालापासूनचा आहे. पण चाकूने भाजीही चिरता येते आणि खिसाही कापता येतो. दोष चाकूचा नसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आंब्याच्या झाडाखाली बदाम सात, झब्बू किंवा गुलामचोर खेळलेले आपण सगळेच आहोत.

पत्ते आपल्याकडे जुनेही आहेत. बाबराने आपल्या रोजनिशीवजा आत्मचरित्रात १५२७ साली गंजिफांचा संच एका स्नेह्याला सिंधमध्ये पाठवल्याची नोंद केली आहे. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीला लाखेचे काम केलेल्या, हाताने रंगवलेल्या गोल गंजिफा आजही तयार होतात. त्यांतला दशावतारी संच १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने. आज आपण वापरतो तो बावन्न पानांचा कॅट मात्र नंतर, परदेशी लोकांबरोबर आला. त्यातले इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर आता इतके आपले झाले आहेत, की पाहुणे म्हणून आले होते हेही आपण विसरलो.

आता जादूकडे वळू. पत्त्यांची जादू दोन पायांवर उभी असते. एक पाय हाताचा, दुसरा हिशेबाचा.

हाताचा पाय म्हणजे हातचलाखी. पान तळहातात दडवणे, वरचे पान देतो असे दाखवून दुसरेच देणे, पिसल्यासारखे करून पाने होती तशीच ठेवणे, ही सारी हातचलाखी. यासाठी बोटांना वर्षानुवर्षे वळण लावावे लागते. तबलजीचा हात जसा रियाजाने तयार होतो, तसाच जादूगाराचा. पुण्याचे जादूगार रघुवीर किंवा बंगालचे पी. सी. सरकार यांची नावे ज्यांनी ऐकली असतील, त्यांना या मेहनतीची कल्पना येईल. आणि हातचलाखीत नुसता हात चालत नाही बरं का! जीभ चालते, नजर चालते. जादूगार ज्या हाताकडे बघतो, त्या हाताकडे तुम्ही बघता. काम दुसऱ्याच हाताने उरकलेले असते. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते, एवढेच त्याचे सूत्र.

दुसरा पाय हिशेबाचा. इथे बोटांना काहीच करायचे नसते. पाने नियमाप्रमाणे वाटली, नियमाप्रमाणे उचलली, की उत्तर आपोआप येते. पाचवीतल्या मुलालाही ती जादू जमते, आणि ती कधी चुकत नाही. कारण बेरीज-वजाबाकी कधी चुकत नाही, चुकतो तो आपण.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. रंगमंचावरच्या कलावंताचे गुपित हे त्याच्या पोटाचे साधन असते. ते फोडणे मला योग्य वाटत नाही. पण हिशेबाची जादू कुणाच्याच मालकीची नसते, ती पाढ्यांसारखी सर्वांची असते. आणि लुबाडणाऱ्याचे गुपित राखण्याचे तर आपल्यावर कसलेच बंधन नाही. म्हणून आज मी या दोन्हींविषयीच सांगणार आहे. हाताची म्हणून फार तर एखादी साधी युक्ती सांगेन.

पहिला खेळ घ्या. कॅट हातात घ्या आणि सहज पाहिल्यासारखे करून सर्वांत तळाचे पान कोणते आहे ते पाहून ठेवा. समजा, ती किलवरची सत्ती आहे. आता कॅट पालथा धरून पाने पसरा आणि समोरच्याला एक पान ओढायला सांगा. त्याने ते पाहावे, तुम्हाला दाखवू नये आणि कॅटच्या सर्वांत वर ठेवावे. मग त्यालाच कॅट काटायला सांगा. म्हणजे वरची काही पाने उचलून बाजूला ठेवायची आणि उरलेली त्यांच्यावर ठेवायची. पुन्हा काटायला सांगा. पाहिजे तर दहा वेळा काटू द्या. मग वरून एकेक पान उलगडत चला. किलवरची सत्ती आली, की तिच्यामागून येणारे पान हे त्याचे पान!

तुम्ही म्हणाल, दहा वेळा काटले तरी पाने जागची हलली कशी नाहीत? हलली तर खरी, पण त्यांचा शेजार बदलला नाही. विहिरीवरचे रहाटगाडगे आठवा. कोणत्याही गाडग्यापासून मोजायला सुरुवात करा, तांबड्या गाडग्यामागून येणारे गाडगे तेच राहते. कॅट काटणे म्हणजे रहाट फिरवणे. सत्ती तळाला होती आणि त्याचे पान सर्वांत वर; पहिल्यांदा काटल्याबरोबर ती दोघे एकमेकांना चिकटली आणि मग शेजारीच राहिली. फार तर एखाद्या वेळी सत्ती पुन्हा तळाला जाईल. तसे झाले, तर त्याचे पान सर्वांत वर असणार. सोमवारनंतर मंगळवार येतो आणि रविवारनंतर पुन्हा सोमवार, हे ज्या मुलाला कळते त्याला हा खेळ कळतो.

मात्र काटणे वेगळे आणि पिसणे वेगळे, हे ध्यानात ठेवा. कुणी पाने पिसली, तर शेजार मोडतो आणि तुमची फजिती होते.

दुसरा खेळ एकवीस पानांचा. हा पुष्कळांनी पाहिलेला असेल, पण तो का साधतो हे फार थोड्यांनी विचारले असेल. एकवीस पाने घ्या. उताणी, एकेक करून तीन ढिगांत वाटा. पहिले पहिल्या ढिगावर, दुसरे दुसऱ्यावर, तिसरे तिसऱ्यावर, चौथे पुन्हा पहिल्यावर, याप्रमाणे. प्रत्येक ढिगात सात पाने होतील. समोरच्याने मनात एक पान धरायचे आणि ते कोणत्या ढिगात आहे, एवढेच सांगायचे. तो ढीग तुम्ही बाकीच्या दोन ढिगांच्या मध्ये ठेवायचा आणि पाने पुन्हा तशीच वाटायची. पुन्हा विचारायचे, पुन्हा तो ढीग मध्ये. असे एकूण तीन वेळा. मग वरून मोजा. अकरावे पान हे त्याचे पान. खालून मोजलेत तरी अकरावेच.

यात मंत्र नाही. फक्त भागाकार आहे. पहिल्या वेळी त्याने ढीग सांगितला, तेव्हा एकवीस पानांपैकी सातच संशयित उरली. तो ढीग मध्ये ठेवल्यामुळे ही सात पाने आठव्यापासून चौदाव्या जागेपर्यंत बसली. पुन्हा वाटताना ती तीन ढिगांत विखुरली गेली. एका ढिगात फार तर तीन. त्याने पुन्हा ढीग सांगितला, की सातांतली तीनच उरली, आणि मध्ये ठेवल्यावर ती दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या जागी आली. तिसऱ्या वाटणीत ही तीन पाने तीन वेगळ्या ढिगांत पडतात, प्रत्येक आपल्या ढिगात चौथे, म्हणजे अगदी मधले. आता त्याने ढीग सांगितला, की एकच पान उरते. वरच्या ढिगातली सात आणि हे चौथे, मिळून अकरा.

एकवीसवरून सात, सातांवरून तीन, तीनावरून एक. पाटील पाणंदीत हरवलेले वासरू शोधतो तेव्हा काय करतो? वरची आळी की खालची आळी हे आधी विचारतो, मग कोणता वाडा, मग कोणता गोठा. घरोघर हिंडत नाही. तसेच हे. जोसेफ गेर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सत्तावीस पानांच्या अशाच खेळाचा पक्का हिशेब मांडला. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. म्हणून सत्तावीस पानांत तीन प्रश्न पुरतात, आणि ढीग वर, मध्ये की खाली ठेवायचा हे ठरवून पान हव्या त्या जागी आणता येते. शिक्षकांनी वर्गात हा खेळ करून पाहावा आणि मुलांना विचारावे, “तीन ढिगांऐवजी दोनच ढीग केले, तर सोळा पानांना किती प्रश्न लागतील?” चार लागतील, हे उत्तर मुले स्वतः शोधतील. ती शोधेपर्यंत आपण गप्प बसावे, एवढीच गुरुजींना विनंती.

आता तिसरा खेळ. यात हात आणि हिशेब दोघेही भागीदार आहेत.

समोरच्याला म्हणा, “दहा ते एकोणीस यांतला कोणताही आकडा मनात धरा.” समजा, त्याने सतरा धरला. त्याच्या हाती पालथा कॅट द्या. त्याने वरून एकेक करून सतरा पाने टेबलावर टाकायची, एकावर एक. मग सतराचे दोन अंक मिळवायचे. एक आणि सात, आठ. टाकलेल्या ढिगावरून आठ पाने पुन्हा उचलून घ्यायची. आता ढिगात वर जे पान दिसेल ते त्याने उचलून छातीशी धरायचे. तुम्ही डोळे मिटून सांगता, “चौकटची दश्शी!” आणि ती चौकटची दश्शीच असते.

कसे? सतरातून आठ गेले, नऊ राहिले. चौदा धरला असता, तर एक आणि चार पाच. चौदातून पाच गेले, नऊच राहिले. एकोणीस धरला असता, तर दहा गेले, पुन्हा नऊ. त्या माणसाला वाटते, आकडा मी निवडला. वास्तविक त्याने कोणताही आकडा निवडला, तरी तो नवव्या पानापाशीच येऊन थांबतो. ज्यांनी जुन्या शाळेत नवाचा ताळा पाहून गुणाकार तपासले असतील, त्यांना यातली खूण लगेच पटेल. कोणत्याही संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली, तर उरणाऱ्या संख्येला नवाने नेहमी भाग जातो. दहा ते एकोणीसच्या दरम्यान ती उरणारी संख्या नऊच असते.

मग हाताचे काम काय? एवढेच, की नववे पान आधी चोरून पाहून ठेवायचे, आणि मग लोकांसमोर खालची पाने पिसायची, पण वरची दहा-बारा पाने हलू द्यायची नाहीत. पाहणाऱ्याला वाटते सगळा कॅट पिसला. हिशेब माणसाला नवव्या पानापाशी आणतो आणि हात ते पान तिथे राखतो. नुसता हात असता, तर शहाण्या माणसाने तो पकडला असता. नुसता हिशेब असता, तर एखाद्या हुशार मुलाने तो सोडवला असता. दोन्ही मिळाले, की पाहणारा हाताला शोधतो तेव्हा हिशेब निसटतो, आणि हिशेबाला शोधतो तेव्हा हात. पत्त्यांच्या उत्तम जादूची घडण बहुतेक अशी असते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे मला आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका गुरुजींची आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५, मृत्यू १९८६. देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते आणि १९६२ साली निवृत्त झाले. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. फावल्या वेळात आकड्यांशी खेळत बसावे, हा त्यांचा छंद. त्या छंदातून त्यांना ६१७४ हा आकडा सापडला, आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. आज जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांच्या शोधाची जादू पत्त्यांनी करता येते. एक्क्यापासून नव्वीपर्यंतची पाने घ्या आणि दश्शीला शून्य माना. कुणालाही चार पाने निवडू द्या, चारही सारखी नकोत एवढेच. समजा, तिर्री, अठ्ठी, पंजी आणि एक्का आला. मोठ्यात मोठी संख्या करा, ८५३१. लहानात लहान करा, १३५८. वजा करा, ७१७३. पुन्हा तसेच, ७७३१ वजा १३७७, आले ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे जाऊन पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! आकडा तिथेच मुक्काम करतो. कोणतेही चार अंक घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचता. तुम्ही मात्र खेळापूर्वीच हा आकडा एका चिठ्ठीवर लिहून मुलीच्या मुठीत ठेवलेला असायचा. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस निरनिराळ्या संख्या घेतल्या तरी चाळीसही पाट्यांवर शेवटी एकच उत्तर! आणि एखाद्या मुलाचे वेगळे आले, तर त्याची वजाबाकी कुठे चुकली हे तो स्वतःच शोधू लागतो. वजाबाकीची इतकी उदाहरणे एरवी कोणत्या मुलाने हसत सोडवली असती?

मार्टिन गार्डनर नावाचे एक अमेरिकन लेखक होते. गणिताच्या करमणुकीवर त्यांनी जन्मभर लिहिले, आणि ते स्वतः हौशी जादूगार होते. १९७५ साली त्यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या गुरुजींचे नाव जगात पोहोचले. त्याच गार्डनरांनी आणखी एका माणसाला हात दिला. पर्सी डायकोनिस त्याचे नाव. हा मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून एका नामवंत जादूगाराबरोबर पत्त्यांचे खेळ करीत हिंडू लागला. पुढे त्याला वाटले, पाने का आणि कशी पडतात याचा हिशेब कळला पाहिजे. संभाव्यतेवरचा एक ग्रंथ त्याने घेतला, तर तो वाचता येईना. तेवढ्यासाठी तो रात्रीच्या वर्गात गणित शिकू लागला, आणि पुढे मोठा प्राध्यापक झाला. त्याने आणि डेव्ह बायर यांनी १९९२ साली दाखवून दिले, की कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकांत फडफडवत मिसळल्या, तर पाने चांगली मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागते. तीन-चार वेळांत जुना क्रम पुरता मोडत नाही.

आणि आपण गावात पाने कशी पिसतो? एका हातात कॅट धरून त्यातली थोडीथोडी पाने दुसऱ्या हातात उतरवीत जातो. या पद्धतीच्या एका प्रकाराला परदेशातले जादूगार ‘हिंदू शफल’ म्हणतात. आपल्याला नाव माहीत नाही, पण त्यांच्या पुस्तकांत आपली पद्धत आहे! अशा पिसण्याने पाने फार हळू मिसळतात, चार-आठ पाने एकत्रच राहतात. त्यातही शेवटची गड्डी हातातून सुटेपर्यंत तळाचे पान तळालाच राहते. मघाशी किलवरच्या सत्तीची गोष्ट सांगितली, ती इथे आठवून पाहा. बावन्न पाने किती तऱ्हांनी लावता येतील, याचे उत्तर अडुसष्ट अंकी आहे. एवढ्या अफाट शक्यता असूनही चतुर माणूस एक पान जागेवर राखून ठेवतो आणि आपण म्हणतो, “पिसली की हो आपल्यासमोर!”

आता पुन्हा त्या पोत्यापाशी चला.

पहिल्यांदा त्याचा हिशेब पाहू. तो माणूस अगदी प्रामाणिक आहे असे धरा. राणी तीन जागांपैकी एका जागी आहे, आणि तुम्ही अंदाजाने पान दाखवता. दहा-दहा रुपये लावून तीस वेळा खेळलात, तर सरासरीने दहा वेळा जिंकाल आणि वीस वेळा हराल. जिंकून शंभर मिळाले, हरून दोनशे गेले. शंभर रुपये तोटा. ‘एकाचे दोन’ हे बोलणे ऐकायला गोड, पण तिनांत एकदा जिंकणाऱ्याला ते नुकसानीतच ठेवते. हा झाला प्रामाणिक खेळाचा हिशेब.

आता हाताचे काम पाहू. तो एका हातात दोन पाने धरतो, एकाखाली एक, अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत. खालचे पान राणीचे. ते तो आपल्याला दाखवतो. मग हात खाली आणून पान टाकतो. आपण समजतो, खालचे पान आधी पडले. वास्तविक त्याने वरचे पान सोडलेले असते. आपली नजर त्या पडलेल्या पानाला राणी समजून त्याच्यामागे धावते, आणि राणी दुसरीकडेच जाऊन पडते. पुढची अदलाबदल तो हळूहळू करतो, मुद्दाम, म्हणजे आपली नजर चुकू नये! आपण चुकीचे पान अगदी बरोबर ओळखतो.

आणि तो शेजारचा, जिंकणारा? तो त्याचाच माणूस. कधी तो आणखी एक डाव टाकतो. खेळवणारा मान वळवून पाणी पितो, तेवढ्यात हा राणीचा कोपरा हळूच दुमडतो आणि तुम्हाला डोळा मारतो. तुम्हाला वाटते, आता तर खात्रीच झाली. सारे पैसे तुम्ही लावता. पाने टाकता टाकता खेळवणाऱ्याने राणीचा कोपरा सरळ करून दुसऱ्याच पानाचा कोपरा दुमडलेला असतो. नीट पाहा, इथे माणूस केवळ लोभाने फसत नाही. आपणही थोडी लबाडी करून जिंकू, या समजुतीने फसतो. म्हणूनच तो नंतर कुणाकडे तक्रार करायलाही जात नाही. घरी गेल्यावर बायकोला “खिसा कापला” असे सांगतो, आणि पुढच्या जत्रेत पोत्याभोवती नवी माणसे उभी राहतात.

ज्याच्या बाबतीत हे घडले असेल, त्याने लाजू नये. भल्याभल्यांची नजर तिथे चुकते. तुम्ही मूर्ख होता म्हणून नव्हे, तर त्याच्या हाताने वर्षानुवर्षे रियाज केला होता म्हणून तुम्ही हरलात. मात्र झालेले घरात सांगावे आणि गावात सांगावे. सांगितल्याने एखाद्या शेजाऱ्याचे बैलाचे पैसे वाचतील.

इथे एक भेद फार जपून करायला हवा. मढीच्या यात्रेला भटक्या जमातींची माणसे लांबलांबून येतात. त्यांतल्या कित्येक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसरती करून, वाट्यांखालच्या गोळ्या गायब करून, दोरीवर चालून आपले मनोरंजन केले. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून अजून पुरता पुसला गेलेला नाही. म्हणून सांगतो, हातचलाखी करणारा प्रत्येक माणूस ठक नव्हे. खेळ करणारा आधी खेळ दाखवतो आणि मग झोळी फिरवतो. देणे न देणे तुमच्या खुशीवर असते. ठक आधी पैसे ठेवायला लावतो. खेळवाला म्हणतो, “बघा, आता तुम्हाला फसवतो.” ठक म्हणतो, “या, तुम्हाला जिंकवतो.” पहिल्याला दोन पैसे जास्त द्या. दुसऱ्यापासून दोन हात लांब राहा.

तिसराही एक प्रकार आहे. तो हीच हातचलाखी करतो आणि म्हणतो, “ही माझी सिद्धी आहे. मला तुमच्या मनातले कळते, तुमच्या घरातले दुखणे मी काढतो.” अशा माणसासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात, तेही याचसाठी. पण कायद्याच्या आधी लागते ते चौकस मन. ज्या मुलीने दहा ते एकोणीसचा खेळ स्वतः करून पाहिला आहे, ती मनातले पान ओळखणाऱ्या बुवासमोर हात जोडून बसणार नाही. ती विचारील, “बुवा, एकदा पाने मला पिसू द्या ना!”

तेव्हा गुरुजनहो, शाळेत पत्ते न्यायला संकोच वाटत असेल, तर नेऊ नका. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, सारख्या मापाचे तुकडे कापा आणि त्यांवर मुलांकडून आकडे लिहून घ्या. एकवीस तुकड्यांत पहिला तास निघेल, सत्तावीस तुकड्यांत दुसरा. आधी खेळ करून दाखवा, मग लगेच उत्तर सांगू नका. एक रात्र मुलांना त्याचा विचार करू द्या. दुसऱ्या दिवशी एखादा मुलगा धावत येईल आणि म्हणेल, “गुरुजी, मला कळलं, ते मधे का ठेवायचं!” त्या मुलाला गणिताची भीती पुन्हा वाटणार नाही, आणि जत्रेतल्या पोत्यापुढेही तो कधी खिशात हात घालणार नाही.

आणि घरी ऐकणाऱ्या मंडळींनो, आज रात्री जेवणे झाली, की कॅट काढा. आजोबांना दहा ते एकोणीसमधला आकडा धरायला सांगा. ते चिडतील, पुन्हा एकदा करून दाखव म्हणतील. पुन्हा करा, पण नवव्या जागी नवे पान पाहून ठेवायला विसरू नका. तिसऱ्या वेळी मात्र त्यांना खुबी सांगून टाका. कळल्यावर त्यांना अधिकच मौज वाटेल.